अंदाजपत्रकातले १८ लाख आणि तुम्हाला खरोखर उभारायचे पैसे

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा आहे. तुमचे वडील ६४ वर्षांचे असून सांगली जिल्ह्यात द्राक्षशेती करतात. दीड वर्षापूर्वी त्यांच्या जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची रेडिएशन व केमोथेरपी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. आता मानेतील गाठींत आणि फुप्फुसात आजार पुन्हा दिसला आहे. पुण्यातील एका खासगी रुग्णालयाने निव्होलुमॅब या इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगाविरुद्ध जागवणाऱ्या) औषधाचे दर पंधरवड्याला एक याप्रमाणे वर्षभर डोस सुचवून १८ लाख रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. हे औषध योजनेत बसत नाही आणि वडिलांचा खासगी विमाही नाही. तुम्ही दोघे भाऊ आणि बहीण मिळून ऑनलाइन मोहीम सुरू करावी की दोन एकर बाग विकावी, असे तुम्ही विचारले आहे.

धर्मादाय रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात अशीच अंदाजपत्रके रोज माझ्या टेबलावर येतात. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की आज या दोन्ही गोष्टी करू नका. तुमच्यापुढे सध्या १८ लाख उभारण्याचे काम नाही. १८ लाखांचा तो आकडा कशाचा आहे, त्यातला किती भाग टाळता येतो आणि पहिल्या टप्प्यासाठी किती पैसे हाती असायला हवेत, हे ठरवण्याचे काम आहे. ज्या कुटुंबांनी हे आधी केले, त्यांना पैसे कमी उभारावे लागले आणि जे उभारले ते वेळेवर हाती आले. ज्यांनी मोठा आकडा छातीशी धरून धावाधाव सुरू केली, त्यांची बाग गेली आणि औषधही मध्येच थांबले, असे मी अनेकदा पाहिले आहे.

पहिला प्रश्न पैशांचा नाही, औषधाचा आहे, आणि तो डॉक्टरांनाच विचारायचा आहे. या औषधाकडून नेमकी काय अपेक्षा आहे? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात डोके व मानेच्या कर्करोगाचे ३६१ रुग्ण होते. प्लॅटिनम गटातील केमोथेरपीनंतर सहा महिन्यांच्या आत त्यांचा आजार वाढलेला होता. निव्होलुमॅब दिलेल्यांपैकी ३६ टक्के रुग्ण एका वर्षानंतर हयात होते. नेहमीची औषधे दिलेल्या गटात हे प्रमाण १६.६ टक्के होते. निम्मे रुग्ण ज्या मुदतीपर्यंत हयात राहिले ती मुदत ७.५ महिने विरुद्ध ५.१ महिने अशी होती, आणि गाठी लक्षणीय आकसल्या त्या सुमारे १३ टक्के रुग्णांच्या. म्हणजे औषध खरेच उपयोगी आहे, काही थोड्या रुग्णांना तर फार उपयोगी आहे. पण पुष्कळ रुग्णांना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ते लागू पडत नसल्याचे दिसून येते आणि ते थांबवावे लागते. वडिलांच्या बाबतीत हे आकडे वर जातील की खाली, हे गाठीवरील पीडी-एल१ तपासणी (हे औषध लागू पडण्याची शक्यता किती, याचा अंदाज देणारी चाचणी), मागच्या केमोथेरपीला किती काळ लोटला आणि त्यांची आजची ताकद यांवर अवलंबून आहे, म्हणून त्याबद्दल मी मत देणार नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "पहिला स्कॅन कधी करणार, आणि त्यात काय दिसले तर औषध बंद करणार?"

या एका प्रश्नाच्या उत्तराने तुमचे सगळे गणित बदलते. तुम्ही पाठवलेल्या अंदाजपत्रकात वर्षाचे २६ डोस धरले आहेत, म्हणजे एका डोसाला साधारण ७० हजार रुपये. पहिला स्कॅन नवव्या-दहाव्या आठवड्यात होणार असेल, तर तोवर पाच डोस होतात आणि त्यांचे साडेतीन लाख होतात. स्कॅन, रक्ततपासण्या आणि सांगली-पुणे प्रवास धरून चार लाख धरा. तुमचे आजचे उद्दिष्ट एवढेच आहे. स्कॅन चांगला आला तर पुढच्या टप्प्यासाठी लोक पुन्हा मदत करतात, किंबहुना अधिक विश्वासाने करतात, कारण मागच्या पैशांचे काय झाले हे त्यांनी पाहिलेले असते. स्कॅन वाईट आला तर उरलेल्या १४ लाखांसाठी बाग विकलेली नसते.

दुसरा प्रश्नही डॉक्टरांनाच विचारायचा आहे, आणि तुमच्या वडिलांच्या आजारात तो विशेष महत्त्वाचा आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी याच प्रकारच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीची मात्रा २४० मिलिग्रॅम असते. त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले आणि सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्या चालू ठेवल्या. फक्त गोळ्या घेतलेल्या गटात एका वर्षानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते, तर इंजेक्शनाची जोड दिलेल्या गटात ४३.४ टक्के. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: हा अभ्यास कमी मात्रेची तुलना पूर्ण मात्रेशी करत नाही, आणि वरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातले रुग्ण वेगळे असल्यामुळे दोन्हींतले टक्के शेजारी मांडून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तरीही ज्या देशात पूर्ण मात्रा फारच थोड्यांना परवडते, तेथे हा पर्याय अनेक केंद्रांत आज गांभीर्याने वापरला जातो आणि त्याचा औषधखर्च पूर्ण मात्रेच्या एका छोट्या अंशावर येतो. औषधाची ४० मिलिग्रॅमची बाटली मिळते. त्यामुळे एकाच दिवशी दोन रुग्णांना बोलावून ती वाटून वापरण्याची सोय रुग्णालयात आहे का, हेही विचारा. हे विचारल्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही. "आम्हाला पूर्ण मात्रा परवडणार नाही, वडिलांना कमी मात्रेचा पर्याय योग्य आहे का?" असे सरळ विचारले, तर बहुतेक डॉक्टर सरळच उत्तर देतात.

दुसरे मत घ्यायचे असल्यास टाटा मेमोरियलला किंवा नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशभरातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या तुमच्या जवळच्या केंद्राला जरूर दाखवा. मूळ बायोप्सीचे ब्लॉक व स्लाइड, सगळ्या स्कॅनच्या सीडी आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. ब्लॉक घरी राहिला म्हणून पुन्हा मुंबईची फेरी मारणारी माणसे मी कमी पाहिलेली नाहीत. घरूनच कागद पाठवून मत घ्यायचे असेल तर टाटाशी जोडलेली 'नव्या' ही ऑनलाइन सेवा आहे. मुंबईत राहण्यासाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन ठिकाणी रुग्ण व नातेवाइकांची अल्प दरात सोय होते. जागा मर्यादित असल्याने रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचे पत्र घेऊन जाणे बरे. डॉक्टरांनी भरून दिलेल्या सवलतीच्या नमुन्यावर रेल्वे कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचे तिकीट विनामूल्य देते आणि सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत देते.

आता औषधाच्या किमतीकडे येऊ. त्याच औषधाची छापील किंमत, रुग्णालयाच्या दुकानातला दर आणि अधिकृत वितरकाचा दर या तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना असतात, ज्यांत ठरावीक डोस विकत घेतल्यावर पुढचे डोस मोफत मिळतात. त्यासाठीचा अर्ज डॉक्टरांमार्फतच जातो आणि तो पहिला डोस घेण्यापूर्वी करावा लागतो. नंतर केल्यास आधीचे डोस धरले जातीलच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३३ जीवरक्षक औषधांवरचा जीएसटी शून्यावर आला आणि इतर बहुतेक औषधांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा अंदाजपत्रक जुन्या करानुसार तर केलेले नाही ना, हे पाहून घ्या. बाहेरून औषध आणण्यास रुग्णालय परवानगी देत असेल, तर ते अधिकृत वितरकाकडूनच, बॅच क्रमांक असलेल्या पक्क्या बिलावर आणि २ ते ८ अंश तापमानाच्या शीतपेटीतून आणा. 'निम्म्या किमतीत मिळवून देतो' असे सांगणाऱ्याच्या वाटेलाही जाऊ नका. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी पकडलेली टोळी याच महागड्या इंजेक्शनांच्या रिकाम्या बाटल्या गोळा करून त्यांत भलतेच द्रव भरून विकत होती. डोस दिल्यानंतर आपली रिकामी बाटली तुमच्यासमोर निकामी करायला सांगा, त्यात संकोच नको.

एवढे केल्यावर जो आकडा उरेल त्यासाठी आधी हक्काचे पैसे शोधायचे, मग संस्थांचे, मग माणसांचे आणि सर्वांत शेवटी कर्ज. हा क्रम मी मुद्दाम असा ठेवला आहे, कारण हक्काचा पैसा मागताना कुणाचे उपकार होत नाहीत आणि कर्जाचा पैसा वडिलांच्या पश्चातही तुमच्या मागे राहतो.

हक्काच्या पैशांत सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे मुलांच्या नोकऱ्या. तुम्ही लिहिले आहे की धाकटा भाऊ पुण्यातल्या कंपनीत आहे आणि बहिणीचे यजमान कारखान्यात आहेत. भावाच्या कंपनीच्या सामूहिक आरोग्यविम्यात पालकांना सामावून घेण्याची सोय आहे का, हे मनुष्यबळ विभागाला आजच विचारायला सांगा. अनेक सामूहिक पॉलिसींत आधीपासूनचे आजारही पहिल्या दिवसापासून धरले जातात, मात्र पालकांची नावे घालण्याची खिडकी वर्षातून एकदाच उघडते. दरमहा वेतन २१ हजारांच्या आत असलेल्या कामगाराच्या राज्य कामगार विम्यात त्याच्यावर अवलंबून असलेले त्याचे स्वतःचे आईवडीलही येतात, पण जावयाच्या विम्यात सासरे येत नाहीत. भविष्य निर्वाह निधीतून आईवडिलांच्या गंभीर आजारासाठी आगाऊ रक्कम काढता येते आणि ती परत भरावी लागत नाही.

हे औषध जन आरोग्य योजनेत बसत नाही म्हणून योजना संपली असेही समजू नका. आता ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि तिचे संरक्षण वर्षाला प्रतिकुटुंब ५ लाखांपर्यंत आहे. इम्युनोथेरपीचे औषध तिच्यात नसले तरी मध्ये लागणारे रेडिएशन, नेहमीची केमोथेरपी किंवा नळी टाकण्यासारखी प्रक्रिया तिच्यात बसू शकते. म्हणून उपचारांचे दोन भाग करा: जे योजनेत बसते ते योजनेतल्या रुग्णालयात, आणि वर्गणीचे पैसे केवळ योजनेबाहेरच्या औषधासाठी. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) तोंडी विचारून भागत नाही. नेमके कोणते पॅकेज नाकारले ते लेखी घ्या, कारण पुढच्या प्रत्येक अर्जाला तो कागद लागतो. (वडील सत्तरीच्या पुढचे असते तर ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड उत्पन्नाची अट न लागता निघाले असते, तुमच्या ओळखीत कुणी असेल तर त्यांना सांगा.)

त्यानंतर धर्मादाय रुग्णालये. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निर्धनासाठी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा १ लाख ८० हजार आणि दुर्बलासाठी ३ लाख ६० हजार आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका ही मुख्य कागदपत्रे. या बाजूला बसणारा माणूस म्हणून प्रामाणिकपणे सांगतो: महाग औषधांच्या बाबतीत हा निधी लवकर आटतो आणि दिवसभरात घरी जाणाऱ्या इंजेक्शनाच्या रुग्णाला कोट्यात धरायचे की नाही यावर अनेक रुग्णालये घासाघीस करतात. म्हणून पूर्ण औषध फुकट मिळेल अशी आशा न धरता खाट, तपासण्या व डॉक्टरांचे शुल्क यांत सवलत आणि औषध रुग्णालयाच्या खरेदीदराने, एवढे मागा. तेवढ्यानेही आकडा बराच खाली येतो. भरती होण्याआधी समाजसेवा विभागात अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. पात्र असून दाद मिळाली नाही तर रुग्णालय ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते, आणि पोच असलेल्या अर्जाचीच तक्रार तिथे उभी राहते.

मुख्यमंत्री सहायता निधीच्या वैद्यकीय मदत कक्षाकडे कर्करोगासाठी अर्ज करता येतो. उत्पन्नाची अट १ लाख ६० हजारांची आहे, खासगी रुग्णालयाचे अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते आणि मंजूर रक्कम थेट रुग्णालयाच्या खात्यात जाते. उपचार होऊन गेल्यावर बिल नेऊन भरपाई मिळत नाही, ही गोष्ट अनेकांना उशिरा कळते. हा अर्ज विनामूल्य आहे. रुग्णालयाच्या दारात टक्केवारी घेऊन मंजुरी आणून देणारे लोक भेटतील. ते तुमचाच अर्ज तुमच्याच कागदांवर करतात आणि मंजूर झाले की श्रेय व पैसे घेतात. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीचा अर्ज खासदारांच्या कार्यालयातून करता येतो. अनेक जिल्हा परिषदा दुर्धर आजारांसाठी आपल्या सेस निधीतून छोटी रक्कम देतात, त्याची चौकशी आरोग्य विभागात करा.

संस्था आणि देवस्थाने यांची मदत एकेका ठिकाणी लहान असते, पण चार-पाच मिळून एखाद-दोन डोस निघतात. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाकडे वैद्यकीय मदतीचा अर्ज करता येतो. इंडियन कॅन्सर सोसायटी, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि व्ही केअर या कर्करोगाच्या रुग्णांसाठीच काम करणाऱ्या संस्था आहेत. मात्र त्यांपैकी प्रत्येकीचे निकष वेगळे आहेत, आणि बरे होण्याची शक्यता जास्त असलेल्या रुग्णांना प्राधान्य देणारे निधीही आहेत. तिथे नकार आला तर तो तुमच्या वडिलांच्या योग्यतेबद्दल नाही, हे ध्यानात असू द्या.

येथे कागदांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या टेबलावर येणारे बहुतेक अर्ज गरिबीच्या अभावी नव्हे, कागदाच्या अभावी अडतात. एक प्लास्टिकची फाईल करा. पहिल्या पानावर रुग्णालयाच्या लेटरहेडवरचे अंदाजपत्रक हवे. त्यावर रुग्णाचे नाव आधार कार्डावर आहे तसेच, आजाराचे निदान, औषधाचे नाव व मात्रा, डोसांची संख्या, एका डोसाचा खर्च, डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का आणि तारीख हवी. तळाशी रुग्णालयाच्या बँक खात्याचे तपशील आणि धनादेश कोणत्या नावाने काढायचा ते लिहून घ्या. संस्था रुग्णाच्या नावाने धनादेश सहसा काढत नाहीत. बऱ्याच संस्था मूळ प्रत मागतात, म्हणून शिक्का-सहीच्या सात-आठ मूळ प्रती एकदमच मागून घ्या, आणि तुमचे उद्दिष्ट पाच डोसांचे असेल तर अंदाजपत्रकही पाच डोसांचेच घ्या. १८ लाखांचा कागद पाहून १० हजार देणारा विश्वस्त "उरलेले कुठून आणणार?" असे विचारतो आणि फाईल बाजूला ठेवतो, साडेतीन लाखांच्या कागदावर, ज्यात दीड लाख आधीच जमले आहेत, तोच विश्वस्त सही करतो. अर्जात 'आतापर्यंत मिळालेली मदत' असा रकाना असतो. तो खरा भरा. विश्वस्त एकमेकांना फोन करतात.

आता माणसांकडे मदत मागण्याविषयी, आणि त्याआधी एका प्रश्नाविषयी. वडिलांना आजार परतल्याचे माहीत आहे का? तुमच्या पत्रात तुम्ही "त्यांना अजून सगळे सांगितलेले नाही" असे लिहिले आहे. मग मोहीम सुरू करता येणार नाही. त्यांचा फोटो आणि 'कर्करोग पुन्हा पसरला' हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर पोहोचेल आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत दूध घालायला आलेला माणूसच त्यांना ते सांगेल. जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा लोकांना दाखवायचा की नाही, हा निर्णय त्यांचा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, बाग त्यांच्या नावावर आहे, शरीर त्यांचे आहे, आणि किती महिन्यांसाठी किती खर्च करायचा या प्रश्नावर त्यांचे मत तुमच्यापेक्षा वेगळे असू शकते. डॉक्टरांसमोर, घाई न करता, त्यांना कळेल अशा भाषेत बोला. काही वडील "करा, मला नातीचे लग्न पाहायचे आहे" म्हणतात. काही "बागेला हात लावायचा नाही" असे ठणकावतात. दोन्ही उत्तरे ऐकण्यासारखी आहेत. याच भेटीत वेदनाशामक उपचारांविषयीही विचारून ठेवा. पुण्यात वारजे येथे सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून मोफत सेवा देते, आणि इम्युनोथेरपी चालू असतानाही वेदना, गिळण्याचा त्रास व जखमेची निगा यांसाठी तिथे जाता येते. तिथे जाणे म्हणजे उपचार सोडून देणे नव्हे.

वडिलांची संमती असेल तर आधी कुटुंबातल्या कुटुंबात आकडा ठरवा. तिघा भावंडांनी एकदा बसून प्रत्येकाला आज किती शक्य आहे ते वहीत लिहावे. समान वाटा मागू नका. ज्याला पैसे शक्य नाहीत त्याने पुण्यात रुग्णासोबत राहण्याचे काम घ्यावे, आणि तेही वहीत लिहावे. बहिणीचा वाटा तिच्या सासरच्यांशी बोलून तिलाच ठरवू द्या. हे न बोलल्यामुळे पुढे सातबाऱ्यावर नावे लागताना जी भांडणे होतात, त्यांची सुरुवात रुग्णालयाच्या बिलात असते.

मदतीचा संदेश छोटा, खरा आणि तपासता येईल असा असावा. "एका बापाला वाचवा", "प्रत्येक क्षण मोलाचा" असा मजकूर अनोळखी लोक पुढे पाठवतात, पण तो वाचून ओळखीचे लोक पैसे देत नाहीत. तुमच्यासाठी मी असा मसुदा सुचवेन: "माझे वडील, वय ६४, द्राक्षशेती करतात. दीड वर्षापूर्वी त्यांच्या जबड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. आता आजार परतला आहे. डॉक्टरांनी सुचवलेले औषध शासकीय योजनेत नाही. पहिल्या पाच डोसांना व तपासण्यांना ४ लाख रुपये लागतील. १ लाख ६० हजार आम्ही भावंडांनी जमवले आहेत, दोन ठिकाणी अर्ज केले आहेत. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात, सोबतच्या फाईल क्रमांकासह भरावेत. स्कॅननंतर काय झाले ते आणि पैशांचा हिशेब याच ग्रुपवर कळवू. पैसे शक्य नसतील तर पुण्यात महिन्यातून दोन दिवस मुक्कामाची सोय कळवावी." यातले शेवटचे वाक्य गाळू नका. ज्यांना पैसे देणे जमत नाही असे लोक तुम्हाला टाळू लागतात. त्यांना करण्यासारखे दुसरे काही दिले की ते जवळ राहतात. हा संदेश सगळ्या ग्रुपवर एकदम टाकण्याऐवजी वडिलांच्या शाळेचे सोबती, द्राक्ष बागायतदार, विकास सोसायटीचे सभासद, भावाचे सहकारी असे गट करून प्रत्येक गटातल्या एका वजनदार माणसाच्या तोंडून जाऊ द्या. गावात चेअरमननी फिरवलेला कागद इंटरनेटवरच्या पानापेक्षा जास्त पैसे आणतो, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या ऑनलाइन वर्गणीच्या मंचांवर जायचेच असेल तर तेथील मंचाचे शुल्क, पैसे वळते करण्याचा खर्च, त्यांवरचा कर आणि जाहिरातीसाठी कापली जाणारी रक्कम या चारही गोष्टी सुरू करण्याआधी लेखी विचारा. जाहिरातीची सेवा घेतली तर जमलेल्या रकमेतला मोठा वाटा तिच्यातच जाऊ शकतो. अशा मोहिमा चालतात त्या बव्हंशी तुमच्या ओळखीच्या लोकांवरच; अनोळखी दात्यांची लाट फार थोड्या मोहिमांच्या नशिबी येते. व्यक्तीसाठी दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला आयकरात सवलत मिळत नाही. ती नोंदणीकृत संस्थेमार्फत दिल्यासच मिळते. परदेशातल्या लोकांबाबत एक भेद पाळा: भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी भारतीयाने बँकेतून पाठवलेले पैसे परकीय योगदान (ज्यावर वेगळ्या कायद्याचे निर्बंध असतात) ठरत नाहीत, पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याचे, तो ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणाऱ्या) कार्डाचा धारक असला तरी, ठरतात. म्हणून नातेवाईक नसलेल्या परदेशी नागरिकाकडून थेट खात्यावर पैसे मागवू नका.

पैसे रुग्णालयाच्या खात्यात मागवण्याचा आणखी एक फायदा आहे. आयकर कायद्यानुसार नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात एकूण ५० हजारांहून अधिक रक्कम भेट म्हणून मिळाली, तर ती संपूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. कायद्याच्या व्याख्येत भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी आणि त्यांचे जोडीदार येतात. चुलत, मावस आणि आते भावंडे येत नाहीत. काहींनी तुमच्या खात्यावर पैसे पाठवलेच, तर त्या कामासाठी एकच वेगळे खाते ठेवा, प्रत्येक रकमेसमोर नाव लिहा आणि वर्षअखेरीस करसल्लागाराला दाखवा.

उरले कर्ज आणि बाग. तातडीच्या पहिल्या एक-दोन डोसांसाठी पैसे कमी पडले तर बँकेतले सोनेतारण सगळ्यांत सरळ. ते महिन्याभरात अर्जांचे पैसे आले की सोडवता येते, आणि सोने विकण्यापेक्षा बरे. नोंदणीकृत पतसंस्था त्यानंतर. परवाना नसलेल्या सावकाराकडे जाऊ नका, आणि कर्जाची हमी म्हणून बागेचे खरेदीखत करून देण्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. "पैसे दिले की जमीन परत फिरवून देतो" ही तोंडी बोली कागदावर नसते. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियमाखाली अशी जमीन परत मागण्याची सोय आहे खरी, पण त्यात वर्षे जातात. पुढच्या टप्प्यासाठी काही विकावेच लागले, तर ते पहिला स्कॅन चांगला आल्यावर, वडिलांच्या स्वतःच्या निर्णयाने, सगळ्या वारसांच्या समक्ष आणि हंगाम पाहून विका. घाईत विकलेल्या बागेला वेली व मांडवाचे मोल मिळत नाही, नुसत्या जमिनीचे मिळते.

शेवटी हिशेबाविषयी. पैसे कुणाकडून आले, कोणत्या डोसाला गेले आणि शिल्लक किती, हे एका माणसाने लिहावे आणि दुसऱ्याने दर आठवड्याला तपासावे. औषध मध्येच बंद झाले किंवा वडील राहिले नाहीत, तर रुग्णालयात जमा असलेली शिल्लक लेखी अर्ज करून मागावी लागते. संस्थांच्या धनादेशांतली उरलेली रक्कम त्या संस्थेलाच परत जाते आणि ती तशीच जाऊ द्या. लोकांनी दिलेल्या शिलकीचे काय करायचे, हे मोहिमेच्या पहिल्याच संदेशाखाली एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे त्या दिवसांत तुम्हाला ते ठरवत बसावे लागणार नाही. अनेक कुटुंबे ती रक्कम त्याच वॉर्डातल्या दुसऱ्या रुग्णाच्या फाईल क्रमांकावर वळती करतात. दात्यांना तसे आधी सांगितलेले असेल तर त्याला कुणी हरकत घेतल्याचे मला आठवत नाही.